बर्टाला लागलेल्या तीन गोळ्या

नोव्हा लिपा, टेक्सस
२० मे २०१९

आल्बिनाताई,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तुझी डोना स्पीकर लावून आईचं आणि मामाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकते. ही गोष्ट तिच्यापर्यंत जायला नको.

मी फसलोय. बंदुकीवर बसवायची थर्मल दुर्बीण घेतली. हिला उजेड लागत नाही. अंगातली ऊब दिसते हिच्यातून. जे गरम ते पांढरं, जे गार ते काळं. पलीकडच्या परगण्यात रानडुकरांच्या शिकारीला सगळे हीच वापरतात, आपल्या गावात मात्र माझी पहिलीच. त्यासाठी होडी विकली. ओरडू नकोस, नऊ वर्षं त्या होडीत फक्त कोंबड्या अंडी घालत होत्या.

तर काल रात्री ट्रकमध्ये बसलो, इंजिन बंद केलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. डुक्कर नाही, ससा नाही, साधं झाडसुद्धा नाही. दिसलं काय, तर एक पांढरंफटक, सुजलेलं, टकलं तोंड. डावीकडे फिरवली तरी तेच, उजवीकडे फिरवली तरी तेच. मला ते हुबेहूब आपल्या वारलेल्या फ्रँककाकासारखं वाटलं. क्रूसाची खूण केली, दोनदा केली, आणि सरळ घरी येऊन दाराला कडी लावली.

दुकानदाराला परत पाठवणार आहे. डुकरांनी माझ्या मक्याची पार धूळधाण केली म्हणून घेतली होती. दुसरं काही कारण नाही.

तुझा,
लॅडिस


सॅन अँटोनियो
२७ मे

लॅडिस,

डोनाच्या नवऱ्याला विचारलं. तुझं नाव घेतलं नाही, 'माझ्या ओळखीचा एक मठ्ठ माणूस आहे' एवढंच म्हटलं. तो लगेच म्हणाला, "लॅडिसमामाला सांगा, काच खाली करा." काचेतून ऊब पलीकडे दिसत नाही म्हणे, बघणाऱ्याचीच परत येते. तू ट्रकच्या बंद काचेतून बघत बसला होतास. ते तोंड फ्रँककाकाचं नव्हतं, तुझं होतं. त्याला बिचाऱ्याला शांत पडू दे.

आता तुझ्या मक्याकडे येऊ. तू तीन वर्षांत मक्याचा दाणा पेरलेला नाहीस. तुझ्याकडे गवत आहे आणि दोन म्हाताऱ्या गाई आहेत. डुकरं शिरतात ती कुंपणापलीकडे, अर्लीन कुबेनाच्या कलिंगडांत. रुडॉल्फ गेल्यापासून ती एकटी तो मळा ओढतेय, मागच्या वर्षी डुकरांनी आणि त्या कोयोटी कोल्ह्यांनी मिळून निम्मा फस्त केला, आणि यंदाही पीक हातचं गेलं तर सगळं विकून सप्टेंबरात ह्यूस्टनला यायचं असं तिच्या मुलाने, वेनने, तिच्याकडून कबूल करून घेतलंय. हे मला इथे शहरात बसून माहीत आहे, आणि तू शेजारी राहून मला मक्याच्या थापा मारतोस!

माझ्यापासून काय लपवतोस? आई गेल्यावर तुझं नाक मी पुसलंय. अर्लीनचं रुडॉल्फशी लग्न झालं त्या रात्री हॉलमध्ये तू अकॉर्डियन वाजवत होतास. एकही सूर चुकला नाहीस. एरवी तू दर गाण्यात दोनतीनदा घसरायचास. त्या रात्री मान वर न करता पहाटेपर्यंत बिनचूक वाजवलंस, तेव्हाच मी ओळखलं की याचं काहीतरी मोडलंय.

ती ह्यूस्टनला गेली की त्या टेकाडावर तू एकटा काय करणार? वरची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. पडदेसुद्धा लावलेत.

आल्बिना


नोव्हा लिपा
१० जून

ताई,

काच खाली केली. दिसतं!

काय सांगू तुला! पाटीवर खडूने काढावं तसं सगळं रान समोर येतं. ससे टुणटुणतात, झाडावर घुबड बसलेलं दिसतं, गवतात उंदीर पळतो तोसुद्धा. दिवसा चष्मा लावूनही मला अर्लीनच्या घराचा दरवाजा उघडा आहे की बंद हे कळत नाही, आणि रात्री हिच्यातून मी तिच्या मांजराच्या मिशा मोजतो.

सुरुवातीला थोडी गडबड झाली. पहिल्या रात्री जे भलंमोठं डुक्कर दिसलं ती आपल्या चर्चच्या डीकन हायेकची गाय निघाली, पण वेळीच हंबरली. दुसऱ्या रात्री एक जाडजूड डुक्कर बांधावर पसरलेलं होतं. त्याच्यासमोर मी पोटावर पडून राहिलो. ते हलेना, मी हलेना. शेवटी डासांनी मला उठवलं. सकाळी जाऊन पाहतो तर दिवसभर उन्हात तापलेला धोंडा.

पण त्यानंतर खरी डुकरं आली. पुढे एक मादी आणि मागे पोरांची रांग. दोन पाडली, बाकीची कुंपण तोडून पळाली. कोयोटी मात्र डुकरापेक्षा सभ्य. डुक्कर दहा कलिंगडं फोडतं आणि एक खातं. कोयोटी सरीतून हिंडतो, एकेकाचा वास घेतो आणि नेमकं पिकलेलं निवडतो, बाजारात तू निवडतेस तसा. एकाला तर मी मारलंच नाही. त्याची निवड फार चांगली होती.

कोयोटीला बोलवायला एक यंत्र मिळतं, त्यातून मरणाऱ्या सशाची किंकाळी निघते. मी ते लावलं. कोयोटी आला नाही, अर्लीन आली, झोपेच्या झग्यावर रुडॉल्फचा कोट चढवून.

"लॅडिस, कोणाचा जीव जातोय?"

"सशाचा. खोटा आहे तो."

"मग त्या खोट्या सशाला म्हणावं, एकदाचा मर आणि मला झोपू दे."

आणि मग, ताई, ती आत जाऊन कॉफी घेऊन आली. आम्ही ट्रकला टेकून प्यायलो. चांगली होती कॉफी.

तू म्हणतेस त्यातलं काही नाही. शेजारधर्म म्हणून करतोय. अकॉर्डियनचं तर मला आठवतही नाही. शेवटचं गाणं वॉल्ट्झ होतं एवढंच आठवतं, आणि तिच्या केसांत पिवळी फुलं होती.

लॅडिस


नोव्हा लिपा
६ जुलै, शनिवार

ताई,

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. आत्ताच मळ्यातून आलोय.

उद्या चर्चची पिकनिक. नेहमीप्रमाणे मांस अर्लीनकडे. रुडॉल्फची बर्टा तुला आठवत असेलच, जुन्या टाकीची केलेली ती भट्टी. चार आखूड पाय, पुढे नाकाड आणि मागे गंमत म्हणून वितळवून जोडलेली पिळाची शेपटी. संध्याकाळपासून बर्टात मांस ओकच्या धुरावर लागलंय. आता मांसाचा वास सुटला म्हणजे सगळं रान गोळा होणार, म्हणून मी अर्लीनला म्हटलं, तू निजायला जा, बर्टा कोठारामागे आहे तिथे कोणी येत नाही, मळ्याची बाजू मी बघतो.

आणि आला तो! असा रानडुक्कर आपल्या आजोबांनीही पाहिला नसेल. मळ्याच्या कडेला ओकखाली उभा. मी दूर होतो, पण तेवढ्या लांबूनही नुसता पांढरा पेटलेला. मी म्हटलं, हे रक्त किती गरम असेल! पाय आखूड, नाक वर, शेपटीचा पीळ स्वच्छ दिसत होता. मी नेम धरला आणि गोळी झाडली.

लागली. आवाजच सांगत होता, टणकन लागली. पण पडला नाही. पळाला नाही. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. दुसरी झाडली. तीही लागली. तसाच उभा. तिसरी पोटात बसली. मग त्याच्या कुशीतून वाफ निघताना दिसली, तरी गडी जागचा हलेना. ताई, एकाहत्तर वर्षांत असं मानी जनावर मी पाहिलं नाही. मला माझीच लाज वाटली. टोपी काढली, त्याला मानाने मरू दे म्हटलं आणि मागे फिरलो. जखमी डुकराच्या जवळ अंधारात जायचं नसतं. सकाळी अर्लीनला घेऊन जाईन आणि दाखवीन. हा एक पडला की बाकीची वर्षभर फिरकत नाहीत.

रविवार सकाळ. अर्लीनने काल संध्याकाळी उशिरा, मी बंदूक आणायला घरी गेलो तेव्हा, बर्टाला ट्रॅक्टरने ओढून मळ्याच्या कडेला नेलं होतं म्हणे. धूर घरात येत होता म्हणून. ओकखाली.

पत्र इथेच थांबवतो. डोकं दुखतंय. पिकनिकला जाणार नाही. डुकराचं कोणाजवळ बोलू नकोस.

लॅडिस


सॅन अँटोनियो
१५ जुलै

प्रिय बंधू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हसून कवळी पडली, डोना धावत वर आली, तिला म्हटलं उचकी लागली.

अर्लीनचं पत्र त्याच दिवशी आलं. मुलींच्या गायनवृंदात आम्ही शेजारी उभ्या राहायचो, अजून लिहितो एकमेकींना. तिचं म्हणणं, बर्टाच्या कुशीत तीन भोकं पडली आणि सगळा धूर तिथून जायला लागला, म्हणून तिने एकेका भोकात एकेक बटाटा कोंबला. मांस झकास झालं. पण त्याहून ते तीन धुरकट बटाटे लोकांनी भांडून खाल्ले, आणि पुढच्या वर्षी जास्त बटाटे करा अशी मागणी आहे. एक गोळी डीकन हायेकच्या ताटात निघाली. त्याने ती ताटाच्या कडेला काढून ठेवली, आणि प्रवचनात शहरातून येणाऱ्या मवाल्यांवर अर्धा तास घेतला.

अर्लीनला कोणाचा संशय आहे ते तिने लिहिलेलं नाही. मीही विचारलं नाही.

तुझ्या त्या मानी डुकराचं पुढे काय झालं? वजन किती भरलं?

आणि एक काम कर. व्हरांड्यातली बाबांची वेताची खुर्ची बसकी झाली आहे, ती दुरुस्त कर. कोणी बसायला गेलं तर आत रुतेल.

आल्बिना


नोव्हा लिपा
२२ जुलै

ताई,

हस. हसून घे. इथे माझं काय चाललंय ते ऐक.

सगळं गाव मवाली शोधतंय आणि त्या शोधकामाचा प्रमुख मला नेमलाय, कारण दुर्बीण माझ्याकडे आहे. डीकन माझी पाठ थोपटतो. अर्लीनसमोर उभं राहायची हिंमत होत नाही. ती ब्रेड घेऊन दाराशी आली की मी गोठ्यात जातो. काल चर्चमधून बाहेर पडताना ती माझ्याकडे येतेय असं दिसलं, तर मी परत आत जाऊन पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलो, आणि नंबर आल्यावर पाद्र्यालाही सांगता आलं नाही. चोरून भाजी खाल्ली असं काहीतरी सांगून सुटलो.

रुडॉल्फने ती भट्टी स्वतःच्या हातांनी केली होती. त्याची एवढी एकच वस्तू ती रोज पुसते. आणि मी तिला तीन गोळ्या घातल्या. आता कोणत्या तोंडाने म्हणू की जाऊ नकोस?

म्हणून न बोलता जेवढं होतं तेवढं करतोय. रोज अंधार पडला की मळ्यात जातो ते पहाटे येतो. डुकरं मारली, कोयोटी हाकलले, कुंपण बांधलं. या महिन्यात एका ओळीलाही तोंड लागलेलं नाही. पीक हाती आलं तर ती राहील. मग ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, कुंपणापलीकडे तिचा दिवा दिसला तरी पुरे.

खुर्ची दुरुस्त केली. तू डोकं खाल्लंस म्हणून केली, नाहीतर इथे बसायला येतंय कोण? हां, एक रॅकून येतो. मी मळ्यात असलो की व्हरांड्यातल्या डब्यातले गोड पाव, आपले कोलाचे, खाऊन जातो. नेमके खसखशीचे खातो, जर्दाळूचे ठेवतो. आणि हुशार किती, डब्याचं झाकण परत घट्ट लावून जातो. मारावासा वाटत नाही.

लॅडिस


सॅन अँटोनियो
२९ जुलै

लॅडिस,

रॅकून झाकण लावत नाहीत.

ज्या माणसाला एवढंही समजत नाही त्याच्या हातात बंदूक कशी काय राहू दिली या राज्याने, देव जाणे. याहून जास्त मी लिहिणार नाही, कारण कोणाला तरी मी शब्द दिला आहे.

एवढंच कर. अख्खा उन्हाळा तू त्या यंत्रातून दुसऱ्याचा मळा बघितलास. एकदा परतताना स्वतःच्या घराकडेही बघ.

आल्बिना


नोव्हा लिपा
६ ऑगस्ट

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. परवा मळ्यातून येताना फाटकाशी ट्रक थांबवला, काच खाली केली आणि दुर्बीण घराकडे धरली. बंदुकीवरून काढून, ओरडू नकोस. बर्टानंतर मी एवढं शिकलोय.

घर काळं होतं. व्हरांडा काळा होता. पण बाबांच्या खुर्चीच्या नव्या वेतावर एक पांढरा गोल डाग होता आणि पाठीशी दुसरा, लांबट. माणूस नव्हता. नुसती बसून गेल्याची ऊब होती. कठड्यावर माझा कप, तोही पांढरा. मी बघत होतो आणि डाग हळूहळू विझत चालले होते. मग घरामागच्या पायवाटेने एक आकृती कुंपणाकडे जाताना दिसली. डावा पाय जरा ओढत. तो पाय मी पन्नास वर्षं ओळखतो. पोल्का नाचतानाही ती तसाच ओढायची.

मी हाक मारली नाही. व्हरांड्यात गेलो आणि खुर्चीवर हात ठेवला. अजून कोमट होती. ताई, मला रडू आलं. का ते विचारू नकोस. या घरात माझ्याशिवाय कोणाची ऊब राहून बरीच वर्षं झाली.

काल रात्री ट्रक मळ्यात नेऊन उभा केला, आत लहान दिवा लावून ठेवला आणि ओढ्याच्या कडेने चालत परत आलो. व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर अंधारात बसलो. थोड्या वेळाने ती आली, थर्मास घेऊन. खुर्चीत बसली. डबा उघडला. चाचपून खसखशीचा काढला. खाल्ला. डबा बंद करायला लागली तेव्हा मी म्हटलं,

"झाकण नीट लाव, रॅकून."

ती किंचाळली नाही. नुसता थर्मास पडला. मग म्हणाली, "तू इथे, तर मळ्यात कोण आहे?"

"ट्रक."

"ट्रकला नेम धरता येतो का?"

"माझ्याइतका येत असेल."

यावर ती हसली आणि मग मला धीर आला. मी उभा राहून, टोपी हातात घेऊन, बर्टाचं सगळं सांगितलं. पहिली गोळी, दुसरी, तिसरी, त्याला मानाने मरू दे म्हणून टोपी काढली तेही. ती ऐकत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय.

"लॅडिस," ती म्हणाली, "या गावात असली दुर्बीण एकच आहे. त्या सकाळीच मला कळलं होतं. रुडॉल्फने शेपटी जोडली तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, हिला एक दिवस कोणीतरी गोळी घालणार. तो म्हणाला होता, घातली तर लॅडिसच घालेल."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला येत होते तर तू गोठ्यात पळत होतास. पापनिवेदनाला उभा राहिलास. मी काय पाद्र्याच्या मांडीवर बसून सांगू?"

"आणि इथे का बसतेस रोज?"

तिने पडलेला थर्मास उचलला आणि म्हणाली, "माझ्या घरातून मळा दिसत नाही. इथून दिसतो. तू त्या यंत्राला डोळा लावलास की तुझ्या गालावर उजेडाचा एक ठिपका पडतो. मी तो बघत बसते. तुला दिवसा धड दिसत नाही, रात्री बंदूक घेऊन एकटा बसतोस. भट्टीला मारलंस, उद्या स्वतःच्या पायाला मारशील. ठिपका हलला आणि ट्रक सुरू झाला की मी घरी जाते."

म्हणजे, ताई, मी तिची कलिंगडं राखत होतो आणि ती मला.

मी खाली बसलो. ह्यूस्टनचं विचारायचं होतं. तेवढ्यात आली डुकरं. ट्रकचा त्यांना काही धाक वाटला नसावा. आधी कुंपणाची तार वाजली, मग घुरघुर, मग फट्. कलिंगड फुटल्याचा आवाज तुला ठाऊक आहे, रात्री तो टेकाडापर्यंत येतो. फट्. आणखी एक. मोठा कळप असावा.

"डुकरं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

दुर्बीण माझ्या मांडीवर होती. बंदूक दाराशी होती. मी उठायला लागलो तर तिने माझ्या बाहीला धरलं.

"वेनच्या फ्लॅटला व्हरांडा नाही," ती म्हणाली. "बस."

फट्, फट् चाललं होतं. महिनाभर राखलेला मळा होता, सप्टेंबर त्याच्यावर अवलंबून होता, आणि आम्ही दोघं म्हातारे त्याचा चुराडा ऐकत बसलो होतो. तिने थर्मासमधली उरलेली कॉफी एका कपात ओतली आणि आम्ही त्याच कपातून प्यायलो. कोणी उठलं नाही.

सकाळी मळा पाहिला. वेनला काय सांगायचं ते ती बघून घेईल म्हणते.

तुझा,
लॅडिस


सॅन अँटोनियो
१२ ऑगस्ट

लॅडिस,

वरच्या खोलीत आजपासून डोनाचं शिवणाचं मशीन ठेवलंय. पडदे तिलाच दिले.

अकॉर्डियन खाली काढून धूळ झटक आणि भाता फाटला नाही ना ते बघ. मी गाडी करून येतेय. या लग्नात तू कितीही सूर चुकलास तरी चालेल.

आल्बिना